सटवाईचा लेख आणि दवाखान्याचा कागद

मूल जन्मल्यावर पांचव्या किंवा सहाव्या रात्रीं सटवाई येते आणि त्याच्या कपाळीं भविष्य लिहून जाते, ही समजूत आमच्या नगर जिल्ह्यांत अजून घरोघर आहे. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. समजूत होती तीच राहिली. त्या रात्रीं पाट मांडतात, दिवा तेवत ठेवतात, पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवतात. सकाळीं कागद कोराच असतो. लेख कपाळावर उमटला असें समजून आजी तो उचलून ठेवते. तो वाचण्याचा अधिकार कोणासच नाहीं, मग बदलण्याची गोष्ट दूरच. या समजुतीची थट्टा करावयाची आमची इच्छा नाहीं. ज्या काळीं आठ दहा दिवसांचीं मुलें डोळ्यांदेखत जात, त्या काळीं दुःखाला टेकावयास कोठें तरी जागा हवी होती व ती सटवाईनें दिली. आमची तक्रार निराळी आहे. बाळंतपण माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलींतून दवाखान्यांत गेलें. तेथें दुसरी एक लेखणी चालूं लागली. आणि तिचा लेखही आईबापांच्या दृष्टीस पडूं नये ही रीत आम्हीं शिकल्यासवरलेल्यांनीं निमूटपणें पतकरली.

ही दुसरी लेखणी काय लिहिते तें आधीं सांगितलें पाहिजे. कळा देणाऱ्या स्त्रीच्या उशाशीं एक तक्ता असतो, निदान असावयास हवा. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. गर्भाशयाचें तोंड किती उघडलें, कळा किती अंतरानें येतात, बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला किती पडतात, कळा वाढविण्याचें औषध सलाइनमधून केव्हां व किती सोडलें, हें सर्व त्यांत वेळेसह मांडावयाचें असतें. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा कीं पहिल्या अवस्थेंत दर अर्ध्या तासानें, आणि बाळ बाहेर येण्याच्या अवस्थेंत दर पांच मिनिटांनीं ठोके ऐकावे. ठोके मंदावूं लागले म्हणजे बाळाला प्राणवायु कमी पडत असल्याची शंका घ्यावयाची आणि निर्णय करावयाचा : औषध थांबवावें, शस्त्रक्रिया करावी, कीं गाडी काढून मोठ्या इस्पितळाकडे धाडावें. या निर्णयास जो उशीर होतो तो घड्याळांत पाहूं गेल्यास थोडक्या मिनिटांचा असतो. मूल तो जन्मभर फेडीत बसतें.

नुकसान त्याच रात्रीं दिसलें असतें तर बरें झालें असतें. तसें होत नाहीं. बाळ चटकन रडलें नाहीं, कांहीं दिवस काचेच्या पेटींत ठेवलें, मग ‘आतां ठीक आहे’ असें सांगून घरीं सोडलें. बारसें होतें. चौथा महिना उलटतो तरी मान सांवरत नाहीं. शेजारीण म्हणते, आमचाही उशीरानेंच बसला. वर्ष होतें तरी मूठ उघडत नाहीं, पाय ताठ राहतात. पारनेरचा डॉक्टर नगरला पाठवितो, नगरचा पुण्याला. आणि पुण्यास एके दिवशीं ‘सेरेब्रल पाल्सी’ हे दोन शब्द आईच्या कानीं पडतात. तोंवर दीड एक वर्ष गेलेलें असतें. त्या रात्रीं काय घडलें हें विचारण्याचा विचार ज्या दिवशीं मनांत येतो त्या दिवशीं ती रात्र फार मागें पडलेली असते.

येथें न्यायबुद्धीनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. असें प्रत्येक मूल दवाखान्याच्या चुकीनेंच असें झालें हें म्हणणें खोटें आहे. लंडनचा विल्यम जॉन लिटल यानें १८६२ सालीं कठीण प्रसूति आणि मुलाचे ताठरलेले अवयव यांचा संबंध प्रथम ठासून मांडला. पुढें मानसशास्त्रांत ज्याचें नांव गाजलें तो फ्रॉइड त्या वेळीं मज्जातंतूंचा वैद्य होता. त्यानें १८९७ च्या ग्रंथांत उलट शंका काढली कीं कठीण प्रसूति हें कित्येकदां कारण नसून पोटांतच आधीं झालेल्या बिघाडाचें चिन्ह असावें. आजचें शास्त्र बऱ्याच अंशीं फ्रॉइडच्या बाजूनें आहे. कळांच्या वेळीं प्राणवायु तुटल्यामुळें होणारीं प्रकरणें एकंदरींत थोडींच. पण या थोड्यांत माझें मूल आहे कीं नाहीं हें आईनें कशावरून ठरवावें ? तत्त्वचर्चेवरून तें ठरत नाहीं. त्या रात्रींच्या तक्त्यावरून ठरतें. निर्दोष डॉक्टराची निर्दोषता जर कोठें लिहिलेली असेल तर तीही त्याच तक्त्यांत. मग तो कपाटांत बंद ठेवून कोणाचें हित साधतें, हा प्रश्न उरतोच.

आमच्या सुशिक्षित घरांची एक गंमत पहा. बाळ जन्मल्याचें मिनिट आम्ही परिचारिकेला दोनदोनदां विचारून घेतों, कारण कुंडलींत लग्न चुकतां कामा नये. ४ वाजून १७ मिनिटें कीं १९, यावर काकामामांत वाद होतो. परंतु बाळ पहिल्यानें रडलें तें कोणत्या मिनिटास, हें त्याच परिचारिकेस विचारावें असें आमच्या मनांतही येत नाहीं. ग्रहांचा हिशेब आम्हांस मिनिटागणिक हवा, श्वासाचा नको !

मूल दुखावलें किंवा बाळंतीण गेली म्हणजे आमच्या समाजाला तीन वाटा माहीत आहेत. पहिली कपाळाची. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ हें वाक्य मुळांत तिच्या कष्टांच्या गौरवाचें. आतां त्याचा उपयोग कोणी कांहीं विचारूं नये म्हणून होतो. दुसरी वाट दगडाची : दवाखान्याच्या कांचा फोडावयाच्या, हातीं लागेल त्या शिकाऊ डॉक्टरास बडवावयाचें. महाराष्ट्रानें याविरुद्ध २०१० सालीं स्वतंत्र कायदा केला, यावरून ही वाट किती रुळली होती तें कळतें. तिसरी पोलिसांची, आणि तिचा धडा आमच्याच शहरांत आम्हांस मिळाला.

६ नोव्हेंबर २०२१ रोजीं, भाऊबीजेच्या दिवशीं, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली आणि करोनाचे ११ रुग्ण गेले. त्याच वर्षीं ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागून १० बाळें गेलीं होतीं; म्हणजे धोक्याची घंटा दहा महिने आधीं वाजली होती. नगरला सरकारनें मृतांच्या नातेवाइकांस पांच लाख जाहीर केले, जिल्हा शल्यचिकित्सकासह कांहीं जणांस निलंबित केलें, आणि आगीच्या तीन दिवसांनंतर पोलिसांनीं चौघींना अटक केली. एक वैद्यकीय अधिकारी, तीन परिचारिका. त्या दिवशीं कक्षांत कोणी काय केलें किंवा केलें नाहीं याचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. आम्ही एवढेंच पाहतों कीं फौजदारी कायद्याचा हात पोचला तो कामावर हजर असलेल्या बायकांपर्यंत. विजेची जोडणी कोणीं केली, आगीची तपासणी कोणीं केली, तिच्या अहवालावर कोणीं सही केली व कोणीं तो बाजूस ठेवला, ही माहिती अटकेनें बाहेर येत नाहीं. ती कागदांत असते.

सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं जेकब मॅथ्यू प्रकरणांत सांगितलें आहे कीं डॉक्टरावर फौजदारी खटला चालवावयाचा तर साधी चूक पुरत नाहीं, घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे, आणि आधीं जाणत्या वैद्याचें मत घेतलें पाहिजे. १ जुलै २०२४ पासून चालूं झालेल्या भारतीय न्याय संहितेंत अशा मृत्यूस डॉक्टरास दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. समजा ती झाली. ज्या आईचें मूल सहाव्या वर्षीं बसूं शकत नाहीं तिला त्या कैदेचा उपयोग काय ? तिला रोजचा व्यायाम करवून घेणारा माणूस हवा, पायाला आधाराचे पट्टे हवे, तिची स्वतःची बुडालेली मजुरी हवी. हें मिळवून देण्याची वाट दिवाणी न्यायाची व ग्राहक आयोगाची, आणि ती चौथी वाट आमच्या लोकांस फारशी ठाऊक नाहीं.

ठाऊक नसण्यास कारणही तसेंच आहे. जुलै १९६३ मध्यें औरंगाबादच्या, आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, सरकारी प्रसूति रुग्णालयांत एक स्त्री बाळंत झाली. बाळंतपण सुखरूप पार पडलें. तीन दिवसांनीं संतति-प्रतिबंधक शस्त्रक्रिया झाली आणि त्या वेळीं रक्त टिपण्याचें फडकें तिच्या पोटांतच राहिलें. ताप, वेदना, पोट फुगलेलें. पुन्हां पोट उघडलें तेव्हां फडकें सांपडलें. तो महिना संपण्यापूर्वीं ती गेली. तिच्या नवऱ्यानें व मुलांनीं दावा लावला. खालच्या न्यायालयानें ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयानें तो फिरविला, आणि त्याचें एक कारण असें दिलें कीं इस्पितळ चालविणें हें राज्याचें सार्वभौम कर्तव्य असल्यामुळें त्यांतील चुकीबद्दल राज्यास जबाबदार धरतां येत नाहीं. बाळंतिणीच्या पोटांत राहिलेल्या फडक्याला सार्वभौमत्वाचें संरक्षण ! अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नांवानें प्रसिद्ध असलेलें हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं निकालांत काढलें : इस्पितळ हें लोककल्याणाचें काम आहे, राजसत्तेचें नव्हे, आणि पोटांत फडकें राहणें हीच निष्काळजीपणाची साक्ष, निराळा पुरावा कशाला? ३६,००० रुपये कायम झाले. ते बाळ एव्हांना तेहतीस वर्षांचें झालें असेल.

आतां कोणी म्हणेल कीं तो जुना काळ झाला, ग्राहक संरक्षण कायद्यानें सर्व सोपें केलें. अंशतः खरें आहे. १३ नोव्हेंबर १९९५ च्या निवाड्यानें वैद्यकीय सेवा त्या कायद्याखालीं आली, पण त्याच निवाड्यानें जेथें सर्वांना सरसकट मोफत उपचार होतात तीं इस्पितळें बाहेर ठेवलीं. २०११ पासून सरकारी दवाखान्यांतलें बाळंतपण, शस्त्रक्रिया लागली तरी, मोफत आहे. चांगलें आहे, तसेंच असावें. परंतु परिणाम असा कीं सावेडीच्या खाजगी इस्पितळांत पैसे मोजणाऱ्या घराला आयोगाचें दार उघडें, आणि अकोल्याच्या डोंगरांतून ग्रामीण रुग्णालयांत आलेल्या स्त्रीला त्याच चुकीसाठीं दिवाणी न्यायालयाची ती जुनी, तेहतीस वर्षांची पायवाट. गरिबाला औषध फुकट मिळतें, त्याबरोबर त्याचा जलद न्यायही कापून घेतला जातो.

आणि दार कोणतेंही असो, आंत जातांना पहिला प्रश्न एकच : कागद आणले आहेत काय ?

ऑगस्ट १९९६ मध्यें चेन्नई येथें एकोणतिसाव्या आठवड्यांतच एक मुलगी जन्मली. अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा वेळेवर तपासला नाहीं तर तें आंधळें होण्याची भीति असते. ती आंधळी झाली. सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं सुमारें १ कोटी ८० लाख रुपये देवविले. तेथें तोल कशानें गेला ? घरीं सोडतांना दिलेल्या कागदांत या धोक्याचा उल्लेखच नव्हता. इस्पितळाच्या तोंडी म्हणण्यापेक्षां त्या एका पानाचें मौन अधिक बोलकें ठरलें. असें पान त्या बापानें जपून ठेवलें होतें म्हणून. आमच्याकडील किती घरांत तें सांपडेल?

कायदा नाहीं असें मुळींच नाहीं. रघुनाथ रहेजा प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें, तेंही १९९६ मध्येंच, स्पष्ट सांगितलें कीं रुग्णाला स्वतःच्या केसपेपरची प्रत नाकारतां येत नाहीं, गुप्ततेची सबब चालणार नाहीं. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत मागणीनंतर ७२ तासांच्या आंत कागद देण्याची सक्ती आहे. खाजगी इस्पितळांसाठीं महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनीं रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागीं लावावयास सांगितली आहे. ती पुष्कळ ठिकाणीं लागलेलीही असते, गणपतीच्या तसबिरीशेजारीं, कांचेच्या चौकटींत. मागणी करावयास गेलें कीं उत्तर ठरलेलें : डिस्चार्ज कार्ड दिलें ना ? मग आणखी काय हवें ? मोठे डॉक्टर गांवाला गेले आहेत, सोमवारीं या. सोमवारीं कारकून विचारतो, ‘कशाला हवेत ? केस करणार आहांत काय ?’ या शेवटच्या प्रश्नानें निम्मीं माणसें परत फिरतात. कारण त्याच दवाखान्यांत उद्यां सासूला न्यावयाचें असतें.

नियमांतली खरी गोम पुढेंच आहे. त्या २००२ च्या नियमांप्रमाणें कागद जपावयाचे ते उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षें. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षें. उशीर माफ होऊं शकतो, पण तें आयोगास पटलें तर. याच्या उलट मुदतीच्या कायद्याप्रमाणें अज्ञान मुलाचा दिवाणी हक्क तें सज्ञान होईपर्यंत जिवंत राहतो. अठरा वर्षांनंतरही कांहीं काळ त्याला मुभा असते. हा कायदा १९६३ चा, त्या औरंगाबादच्या बाळंतिणीच्या सालचाच. म्हणजे मुलाचा हक्क अठरा वर्षांहून अधिक जगतो आणि त्याचा पुरावा तीन वर्षांनीं रद्दींत जाण्यास मोकळा ! ज्या कोणीं हे दोन नियम केले त्यांनीं ते एका टेबलावर शेजारीं शेजारीं ठेवून कधीं पाहिले नसावे. आम्हांस ही व्यवस्था अन्यायाची वाटते, आणि ती बदलण्यास एक ओळ पुरेशी आहे : प्रसूतीचा कागद मूल एकवीस वर्षांचें होईपर्यंत जपला जावा, व त्याची पूर्ण प्रत, तक्ता व ठोक्यांच्या पट्ट्यांसह, घरीं जातांना प्रत्येक बाळंतिणीच्या हातीं न मागतां पडावी.

न मागतां, हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. जो मागतो तो संशयी ठरतो. सर्वांनाच दिलें तर कोणीच संशयी राहत नाहीं.

यावर डॉक्टर मंडळींचे दोन आक्षेप आम्हीं समक्ष ऐकले आहेत. पहिला : खेड्यांतल्या बाईला तो तक्ता काय समजणार ? याचें उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या एका कोपऱ्यांत पन्नास वर्षांहून अधिक काळ उभें आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हें जोडपें जामखेडला आलें. तेव्हां त्या भागांत हजार जन्मांमागें पावणेदोनशें अर्भकें वर्षाच्या आंत जात. त्यांनीं गांवोगांवच्या बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित, कांहीं नवऱ्यानें टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, वजन, जुलाब, ताप शिकविला. दोन एक दशकांत तो मृत्यूचा आंकडा विसाच्या घरांत आला, आणि त्यापूर्वींच १९७९ सालीं या जोडप्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. बाई अडली आहे हें ज्या निरक्षर बाईला ओळखतां आलें आणि तिला वेळेवर पुढें धाडतां आलें, तिला एक आलेख समजणार नाहीं असें म्हणणारानें जामखेडची एस. टी. पकडावी. आणि समजा नाहींच समजला. सात-बाराचा उतारा तरी किती शेतकऱ्यांना संपूर्ण समजतो? म्हणून तो तलाठ्यानें स्वतःच्या घरीं ठेवावा काय ?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कागद हातीं पडले कीं दावे वाढतील, दाव्यांच्या भीतीनें डॉक्टर अडलेली बाई दारांतूनच पुढें ढकलतील, किंवा उगाच पोट फाडतील. ही भीति खोटी नाहीं. तालुक्याच्या गांवीं एकटा बसलेला प्रसूतितज्ज्ञ, रक्तपेढी दूर, भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येणारा. त्याच्या जागीं बसून पाहिलें म्हणजे ती कळते. पण तिला उत्तर अंधार वाढविणें हें नव्हे. जपानांत हेंच झालें होतें. फुकुशिमा प्रांतांतील एका सरकारी इस्पितळांत शस्त्रक्रियेनें प्रसूति होतांना एक स्त्री दगावली. २००६ सालीं डॉक्टरास अटक झाली. २००८ सालीं तो निर्दोष सुटला. मधल्या काळांत प्रसूतीचें काम सोडणारे डॉक्टर वाढले, कित्येक इस्पितळांनीं तो विभागच बंद केला. तेव्हां त्या देशानें जानेवारी २००९ पासून नवी योजना काढली. प्रसूतीशीं संबंधित मेंदूची इजा झालेल्या मुलास, अटींत बसत असेल तर, चूक कोणाची हें सिद्ध न करतांच एकंदर तीन कोटी येन मिळतात. आणि तज्ज्ञांचें मंडळ सर्व कागद तपासून कारणाचा अहवाल तयार करतें, तो आईबापांस व इस्पितळास दोघांसही धाडतें. पैशापेक्षां या अहवालाचें मोल आम्हांस अधिक वाटतें. आईला कळतें काय झालें. डॉक्टराला कळतें पुढल्या वेळीं काय टाळावें. अटकेनें यांतलें एकही साधलें नव्हतें. अशी योजना महाराष्ट्रानें करावी कीं नाहीं, पैसा कोठून आणावा, हा विचार स्वतंत्र लेखाचा आहे. परंतु तिचा पाया कागद हाच, आणि तो घालण्यास तिजोरींतून फारसें कांहीं काढावें लागत नाहीं.

सरकार हें करील तेव्हां करो. ज्यांच्या घरांत यंदा पाळणा हलावयाचा आहे त्यांनीं तोंवर थांबण्याचें कारण नाहीं. बाळंतीण घरीं येण्यापूर्वीं, सर्व कांहीं सुखरूप झालेलें असलें तरी, दवाखान्याच्या नांवें एक अर्ज करावा : प्रसूतीचा संपूर्ण केसपेपर, पार्टोग्राफ, ठोक्यांची पट्टी, दिलेल्या औषधांची नोंद आणि बाळाच्या तपासणीचा कागद यांच्या प्रती मिळाव्या. अर्ज दोन प्रतींत असावा. एकीवर पोच, तारीख व वेळ घ्यावी, आणि ७२ तास तेथून मोजावे. प्रतींचा खर्च मागितला तर देऊन पावती घ्यावी. दवाखाना सरकारी असेल तर सोबत माहितीच्या अधिकाराचाही अर्ज द्यावा. खाजगी डॉक्टरानें टाळाटाळ केली तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे त्याच पोचेच्या प्रतीसह लिहावें. अर्जांत कारण लिहावें लागत नाहीं, आणि कारकुनानें विचारलें तर सांगावेंही लागत नाहीं.